ऑर्किडला पाणी किती घालावे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा तोंडावर आला होता. सकाळच्या वेळी दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक नंबर लावून बसले होते. मी त्यांना गेली वीस वर्षे ओळखतो. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, पण पथ्यपाणी सांभाळणारे गृहस्थ. नंबर आला तसे आत आले आणि कापडी पिशवीतून रिपोर्टची फाइल काढण्याऐवजी त्यांनी माझ्या टेबलावर एक कुंडी ठेवली.

"डॉक्टर, आज माझं काही नाही. पेशंट हा आहे."

कुंडीत चार जाड पाने होती. खालची दोन पिवळी पडून लोंबत होती, वरची दोन सुरकुतली होती. मुलीने पुण्याहून आणून दिलेले ऑर्किड. आणले तेव्हा त्याला जांभळ्या फुलांची हातभर दांडी होती. फुले दोन महिने टिकली. त्यानंतर झाडाची रया गेली ती गेलीच.

"गुरुजी, पाणी किती घालता?"

"रोज सकाळी तांब्याभर. पानं सुकायला लागली म्हणून आता संध्याकाळीही घालतो. ही गेल्यापासून घरात दुसरं काय असतं करायला?"

मी रोप हलकेच उपसून पाहिले. मुळे काळपट झाली होती. बोटात धरून ओढले की वरची साल सुटून हातात येत होती आणि आत नुसता दोरा राहत होता. कुजका वासही होता.

"गुरुजी, याला तहान लागलेली नाही. हे बुडतंय."

"पण पानं तर सुकलीत!"

"पानं सुकलीत, कारण पाणी वर नेणारी मुळंच शिल्लक नाहीत."

आमच्या धंद्यात असे रुग्ण नेहमी दिसतात. हृदय थकलेल्या माणसाच्या पायावर सूज असते, अंगात पाणी नको इतके साठलेले असते, आणि तरीही मूत्रपिंडापर्यंत पुरेसे रक्त पोचत नाही. तिथे "अशक्तपणा आलाय, एक सलाइन लावा" म्हणणारे नातेवाईक भेटतात. सलाइन लावले तर माणूस दगावू शकतो. कमतरता दिसते तिथे ओतत राहणे हा उपचार नव्हे.

आरोग्याच्या सदरात फुलझाडांचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण अलीकडे आपल्या गावातल्या पुष्कळ घरांत ऑर्किडच्या कुंड्या दिसू लागल्या आहेत. कोणाला भेट मिळतात, कोणी पुण्या-कोल्हापुराहून आणतात. हा छंद चांगला आहे. विशेषतः निवृत्त मंडळींना आणि घरात एकट्या पडलेल्यांना मी तो आवर्जून सुचवतो. मात्र या छंदातली एक चूक रोपालाही मारते आणि घरच्या माणसालाही आजारी पाडते. ती चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून हा लेख.

ऑर्किड म्हणजे बांडगूळ नव्हे

ऑर्किडला मराठीत आमरी असाही शब्द आहे. जगात याच्या सुमारे पंचवीस ते अठ्ठावीस हजार जाती आहेत. भारतात साडेबाराशेच्या आसपास नोंदल्या गेल्या आहेत. आंबोलीला, राधानगरीला पावसाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर झाडांच्या फांद्यांवरून पांढऱ्या-गुलाबी फुलांचे भरगच्च गजरे लोंबताना दिसतात. ती सीतेची वेणी. हेही ऑर्किडच. हेच फूल आसामात कोपौ म्हणून ओळखले जाते आणि बिहूच्या सणाला तिकडच्या मुली ते अंबाड्यात माळतात. आइस्क्रीममधला व्हॅनिलाही एका ऑर्किडच्या शेंगेतूनच मिळतो.

झाडावर वाढते म्हणून लोक याला बांडगूळ समजतात. ते चूक आहे. बांडगूळ फांदीत मुळे घुसवून झाडाचा रस शोषते. ऑर्किड नुसते फांदीला धरून बसते. पावसाचे पाणी, दव आणि सालीच्या खाचेत साठलेला पालापाचोळा एवढ्यावर त्याचे भागते. ते झाडाचा भाडेकरू आहे, चोर नाही. सगळीच ऑर्किडे झाडावर वाढतात असे नाही, काही जमिनीतही वाढतात. पण आपण घरी ठेवतो ती बहुतेक झाडावर राहणारी.

रानातली आमरी मात्र उपटून आणू नये. जंगलातून वनस्पती काढणे कायद्याने गुन्हा ठरू शकतो, हा एक भाग. दुसरे असे की आणलेली बहुतेक रोपे घरी जगत नाहीत. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अंकुराला पुरेल असा साठाच नसतो. निसर्गात एक ठरावीक बुरशी त्याला भरवते तेव्हा कुठे ते रुजते. हे १८९९ साली फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी शोधले. पुढे १९२२ साली अमेरिकेच्या लुईस नुडसन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या अगरवर बी रुजवून दाखवले. आम्ही डॉक्टर ज्या अगरवर रोगजंतू वाढवून तपासतो, तेच हे अगर. आज बाजारात मिळणारी रोपे अशीच प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत वाढलेली असतात. त्यामुळे एके काळी श्रीमंतांच्या काचघरात असणारे हे फूल आता मास्तरांच्या खिडकीत येऊ शकते. रोपवाटिकेतले घ्या, रानातले रानात राहू द्या.

मुळांना हवा लागते

गुलाबाला माती लागते. ऑर्किडला मातीत लावले तर ते मरते, कारण त्याची मुळे उघड्या हवेत जगायला शिकलेली आहेत. मुळाभोवती स्पंजासारखे पांढरट आवरण असते. पाऊस पडला की ते क्षणात पाणी टिपून घेते आणि नंतर वाऱ्यावर कोरडे होते. भिजणे आणि सुकणे, पुन्हा भिजणे आणि पुन्हा सुकणे, हा त्याचा श्वास आहे. सतत ओले राहिले तर मुळाला प्राणवायू मिळत नाही, ते गुदमरते आणि बुरशी त्याचा ताबा घेते.

म्हणून कुंडीत लोणारी कोळशाचे, विटेचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. सुपारीपासून लिंबाएवढे. कुंडी मातीची आणि बाजूंनीही भोके असलेली असावी. आपल्या हवेत नवशिक्याने दोनच प्रकार घ्यावेत. एक डेंड्रोबियम, म्हणजे उसासारखी उभी कांडी असलेले. दुसरे फॅलेनॉप्सिस, म्हणजे रुंद जाड पानांचे आणि पतंगासारख्या फुलांचे. गुरुजींचे हेच होते. सिक्कीम-दार्जिलिंगला सहलीला जाणारे लोक तिथून सिंबिडियम घेऊन येतात. मीही आणले होते. त्याला थंडी लागते. आपल्या उन्हाळ्यात ते पाने दाखवते, फूल दाखवत नाही. ते सहा वर्षे सांभाळून मी शेवटी महाबळेश्वरच्या एका स्नेह्याला दिले.

पाणी कधी घालावे?

"आठवड्यातून किती वेळा?" हा प्रश्न सगळे विचारतात. औषधाचे डोस ठरवून देता येतात तसे हे ठरवून देता येत नाही. मुळाकडे पाहून ठरवायचे. सुकलेले मूळ रुपेरी दिसते, भिजलेले हिरवे. मुळे रुपेरी झाली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली की पाणी द्यावे. मुळे हिरवी असतील तर हात मागे घ्यावा. साधारण अंदाज हवाच असेल, तर कोळशातल्या रोपाला उन्हाळ्यात एक-दोन दिवसांआड, थंडीत आठवड्यातून एक-दोनदा आणि पावसाळी दमट हवेत त्याहूनही कमी. पण हा अंदाज झाला. निर्णय मुळाचा.

पाणी सकाळी घालावे. पाण्याच्या बादलीत कुंडी दहा मिनिटे बुडवून ठेवावी, मग बाहेर काढून पूर्ण निथळू द्यावी. पानांच्या बेचक्यात पाणी राहिले तर कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यावे, नाहीतर शेंडा कुजतो. फॅलेनॉप्सिसला एकच शेंडा असतो. तो गेला की बहुधा रोप गेले. बोअरचे जड पाणी सतत घातल्यास कोळशावर पांढरे क्षार जमतात आणि मुळांची टोके जळतात. पावसाचे पाणी धरून ठेवले तर उत्तम, मात्र घट्ट झाकणाच्या पिंपात. झाकणाचा आग्रह का, ते पुढे येईलच.

उजेड भरपूर हवा, पण दुपारचे ऊन थेट नको. पूर्वेची खिडकी सगळ्यांत चांगली. पाने काळपट हिरवी झाली तर उजेड कमी पडतो आहे, पिवळसर झाली तर जास्त होतो आहे. कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात पाव चमचा, आठ-पंधरा दिवसांतून एकदा, तेही रोप वाढत असेल तेव्हाच. खताचा डोस वाढवून फूल लवकर येत नाही. टॉनिकच्या बाटल्यांनी मुलांची उंची वाढत नाही, तसेच हे.

डेंड्रोबियमबद्दल एक सूचना. त्याची जुनी कांडी पाने गाळते आणि वाळल्यासारखी दिसते. ती कापू नये. त्या कांडीत रोपाची शिदोरी असते आणि पुष्कळदा तिलाच पुन्हा फुले येतात.

आमच्या घरातली ताटली

आता माझी चूक. ऑर्किडला दमट हवा आवडते. एका इंग्रजी पुस्तकात मी वाचले होते की, ताटलीत खडे पसरावेत, त्यात पाणी ठेवावे आणि त्यावर कुंडी ठेवावी म्हणजे हवेत ओलावा राहतो. पुस्तक थंड देशातल्या लेखकाचे होते. मी हौसेने तीन मोठ्या ताटल्या आणल्या, नदीतले गोटे आणले, पाणी भरले. पाणी आटले की वरून भर घालायचो. रोपे छान वाढली.

२०१९ सालच्या ऑगस्टमध्ये आमच्या सौभाग्यवतींना ताप भरला. एकशे तीन. डोळ्यांच्या खोबणीत दुखणे, सांधे ठणकणे, जेवणावरची वासना गेलेली. दुसऱ्या दिवशी तपासणीत डेंग्यू निघाला. पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि विश्रांती, एवढाच उपचार असतो आणि तोच केला. पाचव्या दिवशी ताप उतरला. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण डेंग्यूमध्ये ताप उतरतो तीच वेळ जागे राहण्याची असते. त्या दिवशी दुपारी तिचे पोट दुखू लागले, दोनदा उलटी झाली आणि ती सारखी गुंगीत जाऊ लागली. रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरायला लागल्याची ही लक्षणे. मी तिला ताबडतोब दाखल केले. ते दोन दिवस मी डॉक्टर नव्हतो, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेला नवरा होतो. ती त्यातून सुखरूप बाहेर आली.

ती घरी आली त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या आरोग्य विभागाच्या दोन मुली घरोघर तपासणी करत आमच्याकडे आल्या. मी त्यांना म्हणालो, "आमच्याकडे काही सापडणार नाही. कूलर कोरडा आहे, टाकीला जाळी आहे." त्यांनी कूलर पाहिला, फ्रिजच्या मागचा ट्रे पाहिला, टाकी पाहिली. मग त्यातली एक खिडकीपाशी वाकली, तिने ऑर्किडच्या ताटलीतला एक गोटा उचलला आणि बॅटरीचा उजेड पाडला.

"सर, इकडे या."

गोट्यांच्या मधल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. एक-दोन नव्हे, शेकड्याने. दर पावसाळ्यात शाळांमधून "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा" असे व्याख्यान देणारा मी, माझ्याच दिवाणखान्यात डास पाळत होतो. त्या मुलीने काही न बोलता वहीत नोंद केली आणि मला सही करायला सांगितली. सही करताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी परीक्षेत नापास होतानाही वाटली नसती.

तिला चावलेला डास त्याच ताटलीतला होता, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. शेजाऱ्यांकडचाही असेल. पण शेजाऱ्यांकडे बोट दाखवण्याचा माझा हक्क त्या दिवशी संपला.

डास कसा वाढतो?

डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंगाने काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यावर. त्याला गटाराचे पाणी आवडत नाही, घरातले स्वच्छ साचलेले पाणी आवडते. मादी अंडी पाण्यात टाकत नाही, तर भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मी काय करत होतो पाहा. पाणी आटू द्यायचे, अंडी चिकटू द्यायची आणि मग वरून पुन्हा पाणी भरायचे.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतील. एक, आठवड्यातून एकदा पाणी ओतले पाहिजे. दोन, नुसते ओतून भागत नाही, भांड्याची कड काथ्याने किंवा ब्रशने घासली पाहिजे. तीन, गोटे घातलेली ताटली घासता येत नाही, म्हणून ती ठेवूच नये. ऑर्किडला ओलावा हवा असेल तर चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवाव्यात, कडक उन्हाळ्यात दुपारी फरशीवर पाणी शिंपडावे किंवा शेजारी ओले गोणपाट टांगावे. एवढे पुरते. आज माझ्याकडे अकरा रोपे आहेत आणि एकाही कुंडीखाली ताटली नाही. कुंड्या लोखंडी जाळीवर ठेवल्या आहेत. निथळलेले पाणी मोरीत जाते.

हाच नियम मनीप्लांटच्या बाटलीला, बांबूच्या काचेच्या भांड्याला, तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीला आणि गच्चीवरच्या टाकाऊ टायरला. जे साचलेले पाणी ऑर्किडच्या मुळाला नको, ते आपल्या घरालाही नको.

पावसाळ्यात ताप आला तर अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या मनाने घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आणि ताप उतरल्यावर पोटात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, गुंगी किंवा बेचैनी यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

आणखी थोडी सावधगिरी

दम्याच्या रुग्णांनी ऑर्किड ठेवावे का, असे विचारतात. फुलाची अडचण सहसा येत नाही. ऑर्किडचे पराग गोळ्यांच्या रूपात चिकटलेले असतात, गवताच्या परागांसारखे हवेत उडत नाहीत. मात्र ओल्या सोडणांवर बुरशी धरते आणि कुंडी बदलताना धूळ उडते. त्या वेळी दम्याच्या माणसाने नाकावर फडके बांधावे, कोळसा आधी भिजवून घ्यावा आणि हे काम अंगणात करावे.

हाताला ओरखडे असतील तर शेवाळ, साल हाताळताना मोजे घालावेत. मधुमेह्यांनी तर हा नियमच करावा. क्वचित एक बुरशी अशा ओरखड्यातून आत शिरते. बोटावर न भरणारी गाठ होते आणि मग हातावर वरच्या दिशेने गाठींची रांग उठते. नेहमीच्या गोळ्यांनी ती बरी होत नाही. अशी रांग दिसली तर डॉक्टरांना "मी कुंड्यांत काम करतो" हे जरूर सांगा. निम्मे निदान त्या वाक्यात असते.

पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड पडली तर शेतावरचे उरलेले औषध घरात फवारू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नसू. तिथे उघडे रान होते, इथे तर बंद खोली आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कीड पुसून काढावी. चार-चार दिवसांनी तीनदा पुसले की बहुधा काम होते. कापायची पात आधी ज्योतीवर धरून निर्जंतुक करावी. एका रोपाचा विषाणू पात न धुता वापरल्याने दुसऱ्यात जातो. एकाची सुई दुसऱ्याला टोचू नये, हा आमचा नियम इथेही लागू आहे.

आणखी दोन-तीन गोष्टी. सत्तरीच्या माणसाने टांगलेल्या कुंडीला पाणी घालायला स्टुलावर चढू नये, खुब्याचे हाड मोडले तर तो छंद फार महाग पडतो. घरात रांगते मूल असेल तर फॅलेनॉप्सिसची भीती नाही, पण शेजारी मोठ्या ठिपकेदार पानांचे डिफेनबेकिया असेल तर ते हलवा, त्याचे पान चावल्यास तोंड आणि जीभ सुजते. ऑर्किडने घरातली हवा शुद्ध होते, असेही सांगितले जाते. तो समज ज्यावरून पसरला तो १९८९ सालचा नासाचा प्रयोग बंद पेटीतला होता. आपल्या खिडकी-दाराच्या घरात चार कुंड्यांनी हवेत फरक पडत नाही. हवा हवी असेल तर खिडकी उघडा.

फूल येताना

एवढे सगळे कशासाठी करायचे? तर फूल येते त्यासाठी, आणि ते येताना पाहण्यासाठी.

फॅलेनॉप्सिसला फुलाची आठवण थंडी करून देते. दिवाळीनंतर रात्री गार पडू लागतात तेव्हा रोप रात्री उघड्या खिडकीपाशी ठेवावे. दिवसापेक्षा रात्रीचे तापमान पाच-सात अंशांनी उतरले आणि असे काही आठवडे चालले की पानाच्या बगलेतून एक हिरवे टोक डोकावते. ते मूळ की दांडी, यावरून आमच्या घरात दरवर्षी पैज लागते. मुळाचे टोक गोल आणि गुळगुळीत असते, दांडीचे जरा चपटे, बोटे मिटलेल्या हातमोज्यासारखे. एकदा दांडी निघाली की कुंडी फिरवू नये. ती उजेडाकडे वळत वाढते आणि कुंडी फिरवली तर वेडीवाकडी होते.

दांडी दिसल्यापासून पहिले फूल उमलायला अडीच-तीन महिने लागतात. इतक्या सावकाश होणारी गोष्ट आजकाल आपण पाहत नाही. कळी मुगाएवढी असते, मग हरभऱ्याएवढी, मग बोराएवढी. उमलण्याआधी ती देठावर अर्धा फेरा घेते. फुलाची खालची पाकळी मुळात वर असते. कीटकाला उतरायला पायरी हवी म्हणून कळी स्वतःला वळवून ती खाली आणते. मग एके दिवशी कळीला चीर पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फूल पूर्ण उघडते. हे फूल पुढे दोन-दोन महिने टिकते.

कळ्या मोठ्या झाल्यावर एकाएकी पिवळ्या पडून गळतात, अशी तक्रार असते. कारण कधी कधी स्वयंपाकघरात सापडते. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि त्याने कळ्या गळतात. त्याच खोलीत केळ्यांचा घड टांगलेला असतो किंवा आंब्याची अढी घातलेली असते. अढी हलवा, कळ्या राहतील.

गुरुजींच्या रोपाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्या दिवशी दवाखान्यातच मी कुजलेली मुळे कापून टाकली. दोन जिवंत मुळे उरली. रोप कोरड्या कोळशात बसवून दिले आणि सांगितले, "आठ दिवस पाणी घालायचं नाही. रोज फक्त बघायचं. आणि काय दिसलं ते वहीत लिहायचं." मास्तर माणूस, वही त्यांना पटली. पहिल्या आठवड्यात त्यांना फार जड गेले. दर दोन दिवसांनी फोन यायचा, "डॉक्टर, आज थोडंसं घालू का?" मी म्हणायचो, "मूळ कसं दिसतंय?" पलीकडे शांतता, मग उत्तर यायचे, "हिरवं आहे. राहू दे."

तीन महिन्यांनी नवे मूळ आले, पुढच्या उन्हाळ्यात नवे पान. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर दांडी निघाली आणि या फेब्रुवारीत पाच फुले उमलली. ती पाहायला गुरुजींनी मला घरी बोलावले. वहीची शंभरावर पाने भरली होती. दर रविवारच्या नोंदीत शेवटी लिहिलेले होते, "कूलर, फ्रिजचा ट्रे, पक्ष्यांचे पाण्याचे भांडे घासले." त्यांची साखर ऑर्किडने उतरलेली नाही. ती गोळ्यांनी आणि चालण्यानेच ताब्यात आहे, आणि तेच मी सगळ्यांना सांगतो. पण पूर्वी ते दर चार दिवसांनी काहीतरी दुखते म्हणून दवाखान्यात येत, आता महिन्याच्या महिन्याला येतात. आले की आधी रोपाची हकीकत सांगतात, मग स्वतःची.

पावसाळा पुन्हा जवळ आला आहे. हा लेख वाचून झाल्यावर घरातल्या प्रत्येक कुंडीखाली एकदा वाकून पाहा. ताटलीत पाणी असेल तर ते ओता, ताटली घासा आणि उन्हात पालथी घाला.